तुरुंगाच्या दाराशी धर्मगुरू

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हा मंगल सोहळा आहे. अशा प्रसंगी आपल्या परंपरेची थोरवी सांगणारे अधिकारी वक्ते पुष्कळ असतात आणि या मालेत आपण ते ऐकलेही आहेत. संयोजकांनी मला मात्र अन्य धर्मांतील मानवतेच्या उपासकांविषयी बोलावे, अशी सूचना केली. विषय विशाल आहे. तासाभरात सर्व धर्मांची प्रदक्षिणा घालायची म्हटली तर एकाही ठिकाणी घटकाभर टेकता येणार नाही. म्हणून मी एकच धर्म निवडला आणि त्यातही एकच प्रश्न निवडला. आपला समाज लहान आहे, राज्यकर्त्यांचा रोष त्याला परवडणारा नाही, समाजातील वडीलधारी मंडळी 'जपून राहा' असे सांगत आहेत. अशा वेळी धर्मगुरूने छळल्या जाणाऱ्या माणसासाठी तोंड उघडावे काय? ज्यू धर्मातील काही रब्बींना विसाव्या शतकात या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात नव्हे, रस्त्यावर आणि तुरुंगाच्या दाराशी द्यावे लागले. त्यांची हकीकत मी सांगणार आहे.

ज्यू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दूरदेशीची माणसे येतात. पण महाराष्ट्राला हा धर्म परका नाही. अलिबाग, पेण, रोहे या पट्ट्यात बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून 'शनिवार तेली' या नावाने तो ओळखला जाई. मराठी ही त्यांची मातृभाषा. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, लोक 'जुनी मशीद' म्हणत आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. आपल्यापैकी ज्यांच्या पेढ्या त्या भागात आहेत, ते त्या रस्त्याने रोज जात असतील.

या बेने इस्रायलांमध्ये परंपरेने रब्बी नव्हतेच. प्रार्थना चालविणारा हजान आणि तंटे सोडविणारा काझी यांवर त्यांचे धर्मजीवन चाले. त्यामुळे रब्बी म्हणजे कोण, हे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे तर रब्बी म्हटले की गहू-हरभऱ्याचा हंगामच आठवतो! मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'माझे गुरू' असा आहे. रब्बी हा पुरोहित नव्हे. तो धर्मशास्त्राचा अध्यापक आणि निर्णयकर्ता. तो संसारी असतो, समाजाच्या सिनेगॉगमध्ये बहुधा वेतनावर काम करतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या समाजाच्या भीतीविरुद्ध त्याला बोलायचे असते, त्याच समाजाच्या हाती त्याची नोकरी असते.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगतो, म्हणजे मी एकतर्फी गुणगान करीत आहे असे वाटणार नाही. आपले बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, तेव्हा तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने १९६२ मध्ये त्यांच्या वंशशुद्धीविषयी शंका काढून विवाहासाठी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश दिले. ज्यांनी कोकणात शतकानुशतके शब्बाथ पाळला, त्यांना 'तुम्ही खरे ज्यू कशावरून?' असे विचारले गेले. १९६४ मध्ये या मराठीभाषकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. सरकारला आणि संसदेला त्यांच्या बाजूने उभे राहावे लागले आणि मगच तो आदेश बदलला. तेव्हा रब्बी म्हटला की तो मानवी हक्कांचा कैवारी, असे समीकरण नाही. धर्मपीठ दोन्हीकडे नेता येते. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते आपल्या धर्मबांधवांत बहुधा अल्पमतातच होते.

आता योआखिम प्रिंझ यांच्याकडे वळू. हे बर्लिनमधील तरुण रब्बी. हिटलर सत्तेवर आल्यानंतरही ते व्यासपीठावरून निर्भयपणे बोलत राहिले आणि १९३७ मध्ये त्यांना जर्मनीतून घालवून देण्यात आले. ते अमेरिकेत आले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी जी प्रचंड सभा भरली, तीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सुप्रसिद्ध भाषणाच्या अगदी आधी याच प्रिंझ यांचे भाषण झाले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की, हिटलरच्या राजवटीत बर्लिनमध्ये रब्बी असताना मी एक गोष्ट शिकलो: द्वेष आणि धर्मांधता हे मोठे प्रश्न खरेच, पण सर्वांत लाजिरवाणा प्रश्न म्हणजे मौन. एक सुसंस्कृत राष्ट्र पाहणाऱ्यांचे राष्ट्र झाले, म्हणून ते सर्व घडू शकले. किंग यांचे भाषण जगाने पाठ केले. प्रिंझ यांचे विसरले गेले.

त्याच काळातील दुसरे नाव अब्राहम जोशुआ हेशेल यांचे. १९०७ मध्ये वॉर्सा येथे एका थोर हसिदी गुरुघराण्यात त्यांचा जन्म झाला. बर्लिन विद्यापीठात त्यांनी प्राचीन हिब्रू प्रेषितांवर प्रबंध लिहिला. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना पकडून पोलंडच्या सरहद्दीवर नेऊन सोडले. जर्मन आक्रमणापूर्वी काही आठवडेच ते वॉर्सा सोडून बाहेर पडू शकले. त्यांची आई आणि बहिणी त्या संहारात गेल्या. या माणसाने पुढे न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत अध्यापन केले. उरलेले आयुष्य आपल्याच समाजाचे दुःख कुरवाळीत घालविले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण २१ मार्च १९६५ रोजी अलाबामा राज्यातील सेल्मा गावातून कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी जो मोर्चा निघाला, त्याच्या पहिल्या रांगेत, किंग यांच्या सोबत, शुभ्र दाढीचे हेशेल चालत होते. आपले पायच प्रार्थना करीत होते असे त्या दिवशी वाटले, असा अनुभव त्यांनी पुढे नोंदविला आहे.

या मोर्चांमागील एक बाजू फारशी सांगितली जात नाही. दक्षिणेतील राज्यांमध्ये राहणारे मूठभर ज्यू व्यापारी उत्तरेकडून येणाऱ्या या रब्बींना मनातून कोसत असत. तुम्ही एक दिवस मोर्चा काढून परत जाल, दुकान आमचे फुटेल, असे त्यांचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. अटलांटा येथील रब्बी जेकब रॉथचाइल्ड वंशभेदाविरुद्ध बोलत म्हणून १२ ऑक्टोबर १९५८ रोजी त्यांच्या सिनेगॉगमध्ये सुरुंगाच्या दारूचा स्फोट घडविण्यात आला. तरीही जून १९६४ मध्ये किंग यांच्या हाकेला ओ देऊन सोळा रब्बी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे गेले आणि एकाच दिवशी अटकेत पडले. भयाचे कारण खरे होते आणि हे रब्बी ते जाणून होते; या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कृतीचे मोल कळत नाही.

हेशेल यांचा एक शिष्य होता, मार्शल मायर. आज मला मुख्यतः याच माणसाविषयी बोलावयाचे आहे, कारण आपल्याकडे त्याचे नाव जवळजवळ कोणाला ठाऊक नाही.

मायर यांचा जन्म १९३० चा, न्यूयॉर्कचा. १९५९ मध्ये ते अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स येथे दोन वर्षांच्या बोलीवर रब्बी म्हणून गेले आणि पंचवीस वर्षे राहिले. तेथे त्यांनी १९६२ मध्ये रब्बींच्या शिक्षणासाठी विद्यापीठ उभारले, बेत एल नावाचा उपासकसंघ स्थापला, तरुणांना धर्माकडे वळविले. येथवरची कथा कोणत्याही कर्तबगार धर्मोपदेशकाची म्हणता येईल.

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. जनरल व्हिदेला यांच्या राजवटीची पद्धत अशी होती की, अटक दाखवायचीच नाही. मध्यरात्री साध्या वेषातील माणसे मोटारीतून येत, विद्यार्थी, कामगार पुढारी, वकील, पत्रकार यांना डोळे बांधून नेत आणि नंतर विचारणा केली तर सरकार सांगे, असा कोणी माणूस आमच्याकडे नाही. 'बेपत्ता' हा शब्द तेथे क्रियापदासारखा वापरला जाऊ लागला. अमक्याला बेपत्ता केले, असे लोक बोलू लागले. पुष्कळांना गुंगीचे औषध देऊन विमानातून समुद्रात टाकण्यात आले. मृत्यूची बातमी नाही, प्रेत नाही, त्यामुळे सुतकही नाही. आईबापांनी काय करावे? एप्रिल १९७७ मध्ये चौदा माता राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोरील प्लाझा दे मायो या चौकात जमल्या आणि पुढे दर गुरुवारी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून, फेऱ्या घालू लागल्या. त्यांच्यापैकी काही जणींनाच त्या वर्षाच्या डिसेंबरात बेपत्ता करण्यात आले.

अर्जेंटिनात ज्यूंची संख्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास. परंतु बेपत्ता झालेल्यांत त्यांचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते. केवळ ज्यू म्हणून कोणास पकडले असे सहसा नव्हे. पण पकडलेला ज्यू निघाला की छळाला अधिक धार चढे. गुप्त कोठड्यांत हिटलरची चित्रे लावलेली असत, हे सुटून आलेल्यांनी सांगितले आहे.

अशा वेळी ज्यू समाजाच्या मध्यवर्ती संस्थेने काय केले? ती बहुतांशी शांत राहिली. सिनेगॉग उघडी आहेत, शाळा चालू आहेत, उत्सव होत आहेत. उघड विरोध केला तर हे सारे जाईल. आम्ही पडद्याआड शब्द टाकीत आहोत, असे तिच्या पदाधिकाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांना भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. लाखो माणसांची जबाबदारी शिरावर असलेल्या विश्वस्ताला मध्यरात्री कोणते विचार छळतात, हे या सभागृहात बसलेल्या काही जणांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. परंतु ज्या मातेची मुले नेली, तिला त्या कार्यालयात बसायला खुर्ची मिळाली आणि उत्तर मिळाले नाही, एवढे खरे. रेने एपेलबाउम या ज्यू मातेची तीन अपत्ये १९७६ मध्ये नेली गेली. तिन्ही. ती बाई पांढरा रुमाल बांधून चौकात उतरली.

मायर यांनी या मातांना दार उघडले. ज्यू असोत, कॅथलिक असोत, निरीश्वरवादी असोत, बेत एलमध्ये त्यांचे म्हणणे ऐकून घेणारा माणूस होता. त्यांनी पत्रे लिहिली, अधिकाऱ्यांच्या दारी खेटे घातले, परदेशी वकिलातींना नावे कळविली. आणि मुख्य म्हणजे ते तुरुंगात जाऊ लागले. धर्मगुरूला कैद्याची भेट नाकारता येत नाही, या एका रूढीचा आधार घेऊन ते राजकीय कैद्यांच्या भेटीला जात. त्या रूढीला लष्करी राजवटीतही किंचित मान होता. त्या किंचित फटीतून हा माणूस आत शिरे. ठार मारण्याच्या धमक्या येत राहिल्या. मायर अमेरिकी नागरिक होते, म्हणून त्यांना थोडे कवच होते, असेही कोणी म्हणेल. होतेच. पण त्याच काळात तेथे दोन फ्रेंच जोगिणींना समुद्रात टाकण्यात आले होते; परदेशी पारपत्राची किंमत काय, ते मायर यांना पुरते कळले होते.

एप्रिल १९७७ मध्ये 'ला ओपिनियॉन' या दैनिकाचे संपादक हाकोबो तिमेरमान यांना पळवून नेले गेले आणि विजेचे झटके देऊन त्यांचा छळ झाला. ते ज्यू होते. मायर त्यांना कैदेत भेटत राहिले. १९७९ मध्ये तिमेरमान यांचे नागरिकत्व काढून घेऊन त्यांना देशाबाहेर पाठविण्यात आले. १९८१ मध्ये त्यांनी आपल्या कैदेवर पुस्तक लिहिले. त्याचे जगातील अनेक भाषांत अनुवाद झाले. त्यात त्यांनी छळ करणाऱ्यांइतकाच कठोर शब्द आपल्या समाजाच्या मूक पुढाऱ्यांसाठी वापरला आणि ते पुस्तक अर्पण केले मार्शल मायर यांना. अर्पणपत्रिकेत मायर यांचा गौरव आहे तो ज्यू, ख्रिस्ती आणि निरीश्वरवादी अशा सर्वच कैद्यांना धीर देणारा रब्बी म्हणून.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवावे लागते. ब्यूनोस आयर्स प्रांताच्या पोलीस दलाचा धर्मगुरू क्रिस्तियान फॉन वेर्निख हाही कोठड्यांत जात असे. कैद्यांचा विश्वास संपादन करून माहिती काढण्यास तो साह्य करी. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायालयाने त्याला खून, अपहरण आणि छळ यांतील सहभागाबद्दल जन्मठेप दिली. त्याच चर्चमध्ये बिशप आंखेलेल्ली यांच्यासारखे, दुबळ्यांसाठी बोलून १९७६ मध्ये प्राणाला मुकलेले सत्पुरुषही होते, हे विसरता कामा नये. कोठडीचे दार धर्माच्या नावाने दोघांनाही उघडले. एकाने आत काय नेले आणि दुसऱ्याने काय, एवढाच काय तो भेद.

डिसेंबर १९८३ मध्ये लोकशाही परत आली. राष्ट्राध्यक्ष राऊल आल्फोन्सिन यांनी बेपत्ता नागरिकांच्या शोधासाठी आयोग नेमला. अध्यक्ष होते कादंबरीकार एर्नेस्तो साबातो. हृदयशस्त्रक्रियेतील बायपासमुळे जगभर ख्याती पावलेले डॉक्टर रेने फावालोरो हे काही काळ सदस्य होते. एक कॅथलिक बिशप, एक मेथडिस्ट बिशप आणि एक रब्बी. तो रब्बी म्हणजे मायर, आयोगातील एकमेव परदेशी नागरिक. नऊ महिने साक्षी झाल्या. सप्टेंबर १९८४ मध्ये अहवाल सादर झाला. सुमारे ३४० गुप्त छळकेंद्रांची आणि ८,९६० बेपत्ता व्यक्तींची त्यात नोंद होती. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० पर्यंत सांगतात. अहवालाचे नाव 'नुंका मास', म्हणजे 'पुन्हा कधीही नाही'. हे नाव मायर यांनी सुचविले, असे सांगितले जाते. युरोपातील ज्यूसंहारानंतर ज्यूंच्या ओठी आलेला तो उद्गार. तो आपल्यापुरता राखून ठेवण्याचा मोह कोणत्याही पीडित समाजाला होतो. मायर यांनी तो एका कॅथलिक राष्ट्राला देऊन टाकला. पुढील वर्षी लष्करशहांवरील खटल्यात सरकारी वकिलांनी आपले भाषण याच दोन शब्दांनी संपविले. व्हिदेला यांना जन्मठेप झाली. मध्ये माफी मिळाली, पुन्हा खटले झाले आणि २०१३ मध्ये ते कारागृहातच मरण पावले. मायर यांना आल्फोन्सिन सरकारने परदेशी व्यक्तीला मिळणारा सर्वोच्च सन्मान दिला. १९८५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या एका ओस पडत चाललेल्या जुन्या सिनेगॉगमध्ये रुजू झाले, ते माणसांनी भरून टाकले आणि १९९३ मध्ये निवर्तले.

येथवर ज्यू हे अल्पसंख्य होते आणि सत्ता दुसऱ्यांची होती. जेथे सत्ताच ज्यूंची आहे, तेथे काय? डेव्हिड फोरमन या अमेरिकेतून इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या रब्बींनी हा प्रश्न आपल्या धर्मपीठाला विचारला. पॅलेस्टिनी उठाव चिरडताना इस्रायली सैन्याकडून जे घडत होते, त्याविषयी सर्वश्रेष्ठ धर्मगुरू अवाक्षर का काढीत नाहीत? शब्बाथ मोडला तर बोलता, हाडे मोडली तर का नाही? या अस्वस्थतेतून १९८८ मध्ये 'मानवी हक्कांसाठी रब्बी' ही संस्था जन्मली. सनातनी आणि सुधारक अशा एरवी एकमेकांच्या पंक्तीला न बसणाऱ्या पंथांचे रब्बी तीत एकत्र आले.

त्यांचे सर्वांत ठळक कार्य म्हणजे ऑलिव्हच्या बागांचे रक्षण. पॅलेस्टिनी शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ऑलिव्ह तोडणीवर असते. शेजारच्या ज्यू वसाहतींतील काही आक्रमक लोक झाडे कापतात, तोडणीला आलेल्यांना हुसकावतात. हे रब्बी स्वयंसेवक घेऊन बागेत जातात, फळे तोडू लागतात आणि हल्लेखोर व शेतकरी यांच्या मध्ये उभे राहतात. त्यांचा आधार राजकीय नव्हे, शास्त्रीय आहे. तोराहमध्ये युद्धकाळातही फळझाडावर कुऱ्हाड चालविण्यास मनाई आहे. ऑलिव्ह झोडपल्यावर मागे राहिलेली फळे परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी सोडावीत, अशीही आज्ञा आहे. वृक्षाच्या ठायीही जीव मानणाऱ्या या श्रोतृवर्गाला त्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

या संस्थेचे अनेक वर्षे नेतृत्व करणारे रब्बी अरिक अशरमन यांनी पॅलेस्टिनी घरे पाडणाऱ्या बुलडोझरसमोर उभे राहून अडथळा केला, म्हणून २००५ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. याच संस्थेने इतरांसह दाखल केलेल्या याचिकेवर इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २००६ मध्ये निर्णय दिला: शेतकऱ्याच्या रक्षणाच्या नावाखाली त्यालाच शेताबाहेर ठेवणे अयोग्य आहे, त्याला त्याच्या बागेपर्यंत सुरक्षित पोहोचविणे हे सैन्याचे कर्तव्य आहे. त्याच वर्षी जपानमधील एका बौद्ध प्रतिष्ठानाने आपला निवानो शांतता पुरस्कार या रब्बींना दिला. निर्णय कागदावर उत्तम. जमिनीवर त्याची अंमलबजावणी अर्धीमुर्धीच झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये बागेजवळ एका चेहरा झाकलेल्या तरुणाने अशरमन यांच्यावर चाकू उगारला. हल्लेखोर ज्यूच होता. अशरमन बचावले आणि नंतर त्यांनी 'तोरात त्सेदेक', म्हणजे न्यायाची तोराह, या नावाने स्वतंत्र कार्य सुरू केले.

स्वदेशी त्यांना द्रोही म्हणणारे पुष्कळ आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली, शेकडोंना ओलीस नेण्यात आले; त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो माणसांचा, त्यांत असंख्य बालकांचा, बळी गेला. दुःखाने आणि संतापाने भरलेल्या अशा समाजात परपक्षाच्या शेतकऱ्याची फळे तोडायला जाणे किती अवघड असेल, याची कल्पनाच केलेली बरी. कित्येक जुने स्वयंसेवक गळाले. काही रब्बी मात्र पुढच्या हंगामातही डोक्यावर किप्पा आणि हातात टोपली घेऊन बागेत गेले. सैन्याने काही बागा बंद केल्या होत्या, तेथून त्यांना परत फिरावे लागले. जेथे जाता आले, तेथे झाडाखाली चादरी अंथरून त्यांनी तोडणीस प्रारंभ केला.